हातगाडीची रंगीत तालीम

श्रोतेहो, नाटकाचा पहिला प्रयोग लागण्याआधी रंगीत तालीम होते. कपडे, रंगभूषा, प्रकाश, संगीत, सगळे खऱ्यासारखे असते. फक्त प्रेक्षक नसतात. कुठे नट अडखळतो, कुठे पडदा अडकतो, ते त्या रात्री कळते आणि तिकीट काढून आलेल्या माणसापर्यंत ते पोचत नाही. यंत्रे बनवणाऱ्यांनाही अशी तालीम हवी असते. पूर्वी ते वस्तू बनवायचे, तिच्यावर वजन टाकायचे, मोडली की दुसरी बनवायचे. आता ही तालीम संगणकाच्या पडद्यावर घेता येते. तिला सिम्युलेशन म्हणतात. मराठीत तिला प्रतिरूपण म्हणता येईल. पण रंगीत तालीम म्हटले की आपल्या माणसाला चटकन उमगते.

आता तुम्ही विचाराल, कविता लिहिणाऱ्या माणसाचा या विषयाशी काय संबंध? मी बी.ए., तोही मराठी घेऊन. एका पतसंस्थेत कर्जाचे कागद तपासण्यात माझी तीस वर्षे गेली. माझी भाची मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तिने आणि तिच्या दोन मित्रांनी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा भाड्याने घेतला. मार्केट यार्डातल्या हमालांसाठी बॅटरीवर चालणारी हातगाडी बनवायची, असे त्यांनी ठरवले. त्यात तिच्या अब्बांचे, म्हणजे आमच्या दुल्हाभाईंचे, एसटीतून निवृत्त होताना मिळालेले पैसे होते. त्यामुळे पैशाच्या प्रत्येक कागदावर माझी नजर फिरावी, असा घरात ठराव झाला. "मामू, तुम्ही बारीक अक्षरातले वाचता. हे जरा वाचा," असे म्हणत भाचीने माझ्यापुढे जे कागद ठेवले, त्यांत सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरची दरपत्रके होती.

पहिल्याच दरपत्रकाने आमची बोलती बंद झाली. जगातल्या मोठ्या कारखान्यांत वापरली जाणारी ही सॉफ्टवेअर्स वर्षाच्या भाड्याने मिळतात आणि ते भाडे काही लाखांच्या घरात जाते. घर भाड्याने घेतल्यासारखेच ते. वर्ष संपले, पैसे भरले नाहीत, की कुलूप. आलेला विक्रेता तरुण होता, नम्र होता. त्याने पडद्यावर रंगीबेरंगी चित्रे दाखवली. निळा भाग म्हणजे निर्धोक, लाल भाग म्हणजे धोका. तिघेही मंत्रमुग्ध झाले. मला मात्र वाटले, एवढ्या पैशात आणखी एक गाडी बनेल, नाहीतर एका कामगाराचा कित्येक महिन्यांचा पगार निघेल.

मग स्वस्ताचे मार्ग सुचवले गेले. कोणीतरी म्हणाले, विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती फुकट मिळते, तीच घ्या. मी तिच्या अटी वाचल्या. अशा आवृत्त्या शिकण्यासाठी असतात; विकायच्या वस्तूच्या कामाला त्या चालत नाहीत, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. दुसऱ्या एकाने 'क्रॅक' केलेली प्रत आणून देतो म्हटले. आपल्याकडे हे इतके सर्रास चालते, की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नाही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ६३-ब याबद्दलच आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरली, तर कमीत कमी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय अशी प्रत इंटरनेटला जोडली की आपला ठावठिकाणा मालक कंपनीला कळवू शकते, आणि मग नोटीस येते. नव्या उद्योगाला पहिले पत्र ग्राहकाचे यावे, वकिलाचे नव्हे. तो मार्ग आम्ही तिथल्या तिथे बंद केला.

या सगळ्या चर्चेत दुल्हाभाई गप्प होते. तीस वर्षे घाटातून गाड्या चालवलेला माणूस. ते एवढेच म्हणाले, "संगणकाला तुम्हाला नेमके विचारायचे काय आहे, ते तरी लिहून काढा. गाडी मोडली तर तिच्याखाली माणूस असतो."

श्रोतेहो, या एका वाक्याने सगळी चर्चा रुळावर आली. सॉफ्टवेअर कोणते, हा प्रश्न नंतरचा. आधी हवी होती प्रश्नांची यादी. ती गाळ्यात बसून तयार होईना, म्हणून तिघे दोन दिवस पहाटेपासून मार्केट यार्डात जाऊन उभे राहिले. तोपर्यंत त्यांच्या कागदावरची गाडी कशी होती? तीनशे किलो वजन, तेही सगळीकडे सारखे पसरलेले, आणि खाली गुळगुळीत जमीन. यार्डात दिसले ते निराळेच. हमाल पोती एका बाजूने चढवतात, कारण दुसऱ्या बाजूला ट्रक उभा असतो. गाडी अर्धी भरते तेव्हा सगळा भार एका अंगाला असतो. पोते खांद्यावरून हळूच ठेवले जात नाही, ते टाकले जाते. पावसाळ्यानंतर रस्त्याला खड्डे पडतात आणि गाडीचे एकच चाक खड्ड्यात जाते. एक वयस्कर हमाल भाचीला म्हणाले, "पोरी, गाडी मोडते ती भरल्यावर नाही, भरताना मोडते." त्या दोन दिवसांत जी माहिती मिळाली, ती जगातल्या कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरमध्ये भरून येत नाही. भार कुठे पडतो आणि गाडी कुठे टेकते, हे माणसानेच सांगायचे असते.

इथे थोडे थांबून हे सॉफ्टवेअर काम कसे करते ते सांगतो. मला ते ज्या रीतीने कळले, त्याच रीतीने. वेड्यावाकड्या बांधाच्या शेताचे क्षेत्रफळ काढायचे असेल तर जुने मोजणीदार काय करत? शेताचे त्रिकोण पाडत, एकेक त्रिकोण मोजत आणि शेवटी बेरीज करत. वाकड्या आकाराचे सूत्र नसते, त्रिकोणाचे असते. संगणकही गाडीच्या सांगाड्याचे हजारो, लाखो बारीक तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्याचे गणित सोपे असते. शेजारच्या तुकड्याशी त्याची सांगड घालत तो सगळ्यांचे गणित एकदम सोडवतो. या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव अमेरिकेतल्या बर्कलेचे प्राध्यापक रे क्लफ यांनी १९६० साली दिले. तुकडे जितके बारीक, तितके उत्तर साधारणपणे खऱ्याच्या जवळ. पण बांधाच्या वळणावर मोठाच त्रिकोण टाकला, तर जमीन कमी-जास्त भरते. इथेही तसेच होते.

आता सॉफ्टवेअर घेण्याआधी तिघांनी जे केले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. गाडीच्या तळाला दोन लांब पाइप होते. चाळीस बाय चाळीस मिलिमीटरचा लोखंडी स्क्वेअर पाइप, पत्रा दोन मिलिमीटर जाड, दोन टेकूंमधले अंतर एक मीटर. तीनशे किलोचा निम्मा भार, म्हणजे दीडशे किलो, एका पाइपच्या बरोबर मध्यावर आहे असे धरले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातले सूत्र लावले. उत्तर आले, पाइप मध्ये सुमारे दोन मिलिमीटर वाकेल आणि दर चौरस मिलिमीटरला सुमारे शंभर न्यूटन ताण पडेल. साध्या पोलादाला कायमचा वाक येऊ लागतो तो साधारण अडीचशेला. म्हणजे गाडी भक्कम. सगळे खूश.

मग त्यांनी यार्डातली माहिती त्यात घातली. पोती एका अंगाला पडली, तर एका पाइपवर दोनशे किलो येतात. ताण शंभरचा एकशेचौतीस झाला. आणि वजन हळूच न ठेवता एकदम सोडले, तर त्याचा परिणाम दुप्पट होतो, हे पदार्थविज्ञानाचे जुनेच सूत्र आहे. एकशेचौतीसचे झाले दोनशे सदुसष्ट. मर्यादा अडीचशेची! कागदावर भक्कम असलेली गाडी यार्डात वाकली असती. तोच पाइप तीन मिलिमीटर जाडीचा घेतला, तर ताण एकशे ब्याण्णववर येतो. म्हणजे निर्धोक. रुपयाचेही सॉफ्टवेअर न घेता एवढा मोठा निर्णय झाला होता.

मग सॉफ्टवेअर हवेच कशाला? मीही तेच विचारले. भाचीने दिलेले उत्तर मला पटले. तीन मिलिमीटरचा पाइप दर मीटरला सुमारे एक किलोने जड होतो. सांगाड्याला एकूण नऊ मीटर पाइप लागतो. सगळाच जाड घेतला तर सांगाडा एकतीस किलोंचा होतो, सगळा पातळ घेतला तर साडेएकवीस किलोंचा. जादाचे साडेनऊ किलो बॅटरी संपल्यावर हमालालाच ढकलावे लागणार. जाड पाइप नेमका कुठे हवा आणि कुठे नको, हे सरळ पाइपचे सूत्र सांगू शकत नाही. जोड असतात, आडवे पाइप असतात, एक चाक खड्ड्यात गेले की सगळा सांगाडा पिळवटतो. हे गणित हाताने होत नाही. संगणकाचे काम तिथे सुरू होते. म्हणजे आता प्रश्नही स्पष्ट झाला होता: साधे पोलाद, न मोडता सहन करावा लागणारा भार, वाक आणि पिळवट. ना त्यात हवा वाहते, ना पाणी उकळते, ना मोटार भिंतीवर आदळते. लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरमध्ये जे शंभर गुण असतात, त्यांतले चार-पाचच आम्हाला लागणार होते.

एवढे कळल्यावर दरपत्रके पुन्हा वाचली, तेव्हा ती वेगळीच दिसू लागली. आमच्यापुढे एकंदर चार वाटा होत्या.

पहिली वाट, मोठे सॉफ्टवेअर पूर्ण दराने घेण्याची. ती आमच्यासाठी नव्हतीच.

दुसरी वाट, नव्या उद्योगांसाठीच्या सवलतीची. ॲन्सिससारख्या मोठ्या कंपन्या नवउद्योजकांना कमी दरात सॉफ्टवेअर देतात. वाट चांगली आहे, पण पतसंस्थेतल्या माझ्या सवयीने मी शेवटचे पान आधी वाचले. सवलत ठरावीक काळापुरती असते, उलाढालीची अट असते. ती संपल्यावर पूर्ण दर किती, हा आकडा पहिल्याच दिवशी लेखी मागावा. सुरुवातीला हप्ता कमी आणि नंतर जड, अशा कर्जात माणसे कशी अडकतात, ते मी पाहिले आहे. शिवाय तीन वर्षांचे सगळे काम त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फायलींत बंद झाले, की सोडून जाणेही अवघड होते. म्हणून वस्तूचा मूळ आराखडा 'स्टेप' नावाच्या आंतरराष्ट्रीय मानक रूपात आपल्याकडे वेगळा ठेवावा. ते रूप बहुतेक सगळी सॉफ्टवेअर्स वाचतात. आणि मालकही बदलत असतात. २०२५ या एकाच वर्षात सीमेन्सने आल्टेअर कंपनी विकत घेतली आणि सिनॉप्सिसने ॲन्सिस. मालक बदलला की धोरण बदलू शकते.

तिसरी वाट, आपले काम दुसऱ्याकडून करून घेण्याची. पुण्यात हेच काम करून देणाऱ्या अनेक लहानमोठ्या कंपन्या आहेत. वर्षातून दोनदाच गरज पडणार असेल, तर सॉफ्टवेअर विकत घेण्यापेक्षा उत्तर विकत घेणे स्वस्त पडते. लग्नासाठी कोणी मंडपाचे दुकान काढत नाही. मात्र आपला आराखडा रोज बदलत असेल, तर दर वेळी पैसे मोजावे लागतात आणि वाट पाहावी लागते.

चौथी वाट, मुक्त सॉफ्टवेअरची. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत, त्याने तिकडे कायम गोंधळ होतो. आपल्याकडे त्याला दोन वेगळे शब्द आहेत, मोफत आणि मुक्त. मोफत म्हणजे पैसे न पडणारे. मुक्त म्हणजे ज्याची आतली घडण उघडी आहे, जे कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि दुसऱ्याला देता येते. फुकटचे ते हलके, असा आपला समज असतो. पण ही सॉफ्टवेअर्स जिथून आली, ती ठिकाणे पाहिली की तो समज गळून पडतो. 'कॅल्क्युलिक्स' लिहिले ते म्युनिकच्या एमटीयू या विमानांची इंजिने बनवणाऱ्या कंपनीतल्या दोन अभियंत्यांनी, गिडो डोंट आणि क्लाउस विटिग यांनी. 'कोड-ॲस्टर' हे फ्रान्सच्या वीज कंपनीचे, म्हणजे ईडीएफचे. अणुवीज केंद्रांच्या कामासाठी ते १९८९ पासून घडत गेले आणि २००१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. 'एल्मर' फिनलंडमधल्या सीएससी या सरकारी संगणक केंद्राचे, २००५ मध्ये खुले झालेले. हवा-पाण्याच्या प्रवाहासाठीचे 'ओपनफोम' लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जन्मले आणि २००४ च्या अखेरीस खुले झाले. आराखडा काढायला 'फ्रीकॅड' आहे, त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. आणि कॅल्क्युलिक्स सहज हाताळता यावे म्हणून स्लोव्हेनियातल्या मारिबोर विद्यापीठात 'प्रीपोमॅक्स' तयार झाले. ते विंडोजवर चालते. यांच्यावर व्यावसायिक काम करायला परवानगी मागावी लागत नाही.

पण मोफत म्हणजे बिनखर्ची, असे मात्र नाही. माझ्या वहीत मी दोन रकाने केले होते, पैसे आणि दिवस. चौथ्या वाटेवर पैशांचा रकाना कोरा राहिला. दिवसांचा भरत गेला. भाची पहिले दीड-दोन महिने त्यातच बुडाली होती. अडले की फोन लावून विचारायला विक्रेता नाही. मदतीचे मजकूर इंग्रजीत, आणि पुष्कळदा आधीच जाणणाऱ्यांसाठी लिहिलेले. इथे मुंबई आयआयटीची आठवण काढायला हवी. तिथल्या 'फॉसी' या प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर कॉलेजांपर्यंत नेण्याचे मोठे काम केले आहे. ओपनफोम त्यात आहे. तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे संगणकाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. ज्यांचे काम ओतकामाचे आहे, त्या आमच्या कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांचा प्रश्न मात्र निराळा. वितळलेला धातू साच्यात थंड होताना कुठे पोकळी राहील, हे त्यांना पाहायचे असते. त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर्स लागतात. मुंबई आयआयटीतच प्रा. बी. रवी यांनी त्या विषयात पायाभूत काम केले आहे.

निवड करताना तिघांनी एक साधी युक्ती केली. प्रत्येक सॉफ्टवेअरला तोच स्क्वेअर पाइप दिला, ज्याचे उत्तर आधीच कागदावर होते. दोन मिलिमीटर वाक. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला आपल्याला ठाऊक असलेलाच प्रश्न विचारावा, तसे. कॅल्क्युलिक्सने पहिले उत्तर काय द्यावे? सव्वा मिलिमीटरही नाही! म्हणजे पाइप खऱ्यापेक्षा कितीतरी ताठ दिसत होता. चित्र मात्र अतिशय देखणे. मित्र म्हणाला, फुकटचे ते फुकटचेच. भाचीने धीर सोडला नाही. सॉफ्टवेअरने पाडलेले तुकडे साध्या जातीचे आणि ढोबळ होते. अशा साध्या चौफलकी तुकड्यांना नीट वाकता येत नाही, ही या पद्धतीतली प्रसिद्ध अडचण आहे. तिने तुकड्यांची जात बदलली, ते बारीक केले. उत्तर आले दोन मिलिमीटरच्या किंचित वर. मग तिने महागड्या सॉफ्टवेअरच्या चाचणी प्रतीवर मुद्दाम ढोबळ तुकडे दिले. तेही तसेच चुकले.

श्रोतेहो, ही गोष्ट गाळ्यातल्या गमतीपुरती नाही. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत स्लाइप्नर-ए नावाच्या समुद्रातल्या वायू-मंचाचा काँक्रीटचा अवाढव्य पाया चाचणीच्या वेळी फुटला आणि तळाला गेला. नुकसान सुमारे सत्तर कोटी डॉलरचे झाले. चौकशीत काय निघाले? त्याचे गणित नास्ट्रान या नामांकित सॉफ्टवेअरवर केले होते. त्याचा उगम अमेरिकेच्या नासा संस्थेतला. सॉफ्टवेअर उत्तमच होते. पण भिंती जिथे एकमेकींना मिळतात, त्या नाजूक जागी तुकडे ढोबळ पाडले होते. त्यामुळे तिथला कातर-ताण खऱ्यापेक्षा सुमारे ४७ टक्के कमी दाखवला गेला. त्या आकड्यावर विसंबून भिंत आखली गेली आणि आतल्या सळ्याही अपुऱ्या पडल्या. अपघातानंतर काळजीपूर्वक पुन्हा गणित केले, तेव्हा ६२ मीटर खोलीवर पाया फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर फुटला होता. गणिताची तीच पद्धत नीट वापरली असती, तर तिने आधीच सावध केले असते.

म्हणून माझ्यासारख्या बी.ए. माणसाने यातून एवढेच घेतले, की परवडणारे सॉफ्टवेअर ते, ज्याचे उत्तर आपल्याला तपासता येते. ते मोफत असले आणि तपासता येत नसले, तर महाग. लाखाचे असले आणि त्याच्या रंगांवर आपण डोळे मिटून विश्वास टाकत असलो, तर ते त्याहून महाग.

आमच्या गाळ्यात शेवटी फ्रीकॅड, प्रीपोमॅक्स आणि कॅल्क्युलिक्स हेच ठरले. वाचलेल्या पैशांतला थोडा भाग एका चांगल्या संगणकावर गेला. या कामाला त्याची स्मरणशक्ती भरपूर लागते. संगणकाच्या तालमीतून कळले, की जाड पाइप नऊपैकी तीनच मीटर लागतो. तळाचे दोन लांब पाइप आणि आसाजवळचा एक आडवा. सांगाडा पंचवीस किलोंच्या आत बसला. हमालाचे साडेसहा किलो वाचले. आणि आसाजवळच्या एका कोपऱ्यात पिळवट साचते, तेही दिसले. तिथे तिरकी पट्टी आली.

तरीही गाडी लगेच यार्डात गेली नाही. वाळूची पोती भरून दीडपट वजन, साडेचारशे किलो, तिच्यावर टाकले. खाली डायल गेज लावला. संगणक म्हणत होता चार मिलिमीटर; काटा साडेचारवर थांबला. मी म्हटले, चुकले की! भाची म्हणाली, "मामू, संगणकात सगळे जोड एकजीव धरलेत. आपल्या वेल्डिंगचे जोड तसे नसतात. एवढा फरक चालतो. काटा आठवर गेला असता, तर मी रात्री झोपले नसते." वेल्डिंग कच्चे राहिले का, हे सॉफ्टवेअरला दिसत नाही. ते डोळ्यांनी आणि हातोड्यानेच पाहावे लागते. तेही त्यांनी पाहिले. मग दुल्हाभाई स्वतः गाडीवर चढून बसले आणि तिला खड्ड्यातून ओढायला लावले. त्यांची ती जुनी सवय, गाडी ताब्यात घेण्याआधी स्वतः पाहण्याची.

पैसे मोजणे कधीच योग्य नसते, असा याचा अर्थ नाही. वस्तू जोरात आदळणार असेल, रबरासारखी फार ताणली जाणार असेल, किंवा चाकणसारख्या ठिकाणचा मोठा ग्राहक अमुक सॉफ्टवेअरचाच अहवाल मागत असेल, तर मोठ्या सॉफ्टवेअरचे भाडे वसूल होते. जिथे महिन्याची दिरंगाई पैशांपेक्षा महाग पडते, तिथेही. उद्या ही मुले मोठी झाली, तर कदाचित तेच घेतील. पण तेव्हा त्यांना कळलेले असेल, की पैसे कशासाठी मोजतो आहोत.

आज आपल्या अनेक घरांत मुले-मुली नोकरीऐवजी उद्योगाचे बोलतात, आणि आई-वडिलांची फंडाची, दागिन्यांची, शेताची रक्कम त्यात जाते. तुम्हाला यंत्रशास्त्र कळायची गरज नाही. त्यांना चार प्रश्न विचारा. संगणकाला नेमके काय विचारणार आहात? वस्तू वापरणाऱ्या माणसाला जाऊन भेटलात का? सवलत संपल्यावर दर किती? आणि आलेले उत्तर बरोबर आहे, हे दुसऱ्या कोणत्या रीतीने पडताळून पाहणार आहात? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पटकन मिळतील. चौथ्याला मुले थोडी थांबली, तर घाई करू नका. थांबू द्या त्यांना. पैसे त्या थांबण्यातच वाचतात, आणि गाडीखालचा माणूसही.